राणी मेरी आणि तिची सुई

शाळेच्या वेळापत्रकांत भरतकामाचा तास आला म्हणजे कांहीं मुली हौसेनें सुईदोरा बाहेर काढतात, तर कांहींच्या कपाळावर आठ्या पडतात. मुलांना तर हा विषय आपला नव्हेच असें वाटतें. भरतकाम म्हणजे रिकाम्या वेळचा विरंगुळा, त्यांत बुद्धीचें काय काम, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्यांची अशी समजूत असेल, त्यांच्यापुढें आज आम्ही एका राणीचें चरित्र ठेवीत आहों. तिचें राज्य गेलें, एकुलता एक मुलगा दुरावला, स्वातंत्र्यही गेलें. परंतु हातांतील सुई सुटली नाहीं. तिनें भरलेल्या एका उशीचा उल्लेख पुढें राजद्रोहाच्या खटल्यांत झाला. ही राणी म्हणजे स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट होय.

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ रोजीं लिनलिथगो येथील राजवाड्यांत झाला. अवघ्या सहा दिवसांनीं तिचा पिता पांचवा जेम्स मरण पावला आणि पाळण्यांतील बालिका स्कॉटलंडची राणी झाली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यास आपल्या मुलाशीं तिचें लग्न लावून दोन्ही राज्यें एकत्र करावयाचीं होतीं. स्कॉटिश सरदारांनीं तो करार मोडतांच इंग्रज फौजा सरहद्द ओलांडून आल्या आणि गांवेंच्या गांवें जळालीं. तेव्हां मेरीची आई मारी द गीझ हिनें आपल्या पांच वर्षांच्या मुलीस १५४८ सालीं समुद्रमार्गें फ्रान्सला पाठविलें. तेथील युवराजाशीं तिचा विवाह व्हावा असें ठरलें होतें. तिच्या सोबतीस मेरी याच नांवाच्या चार सरदारकन्या दिल्या होत्या. पांच मेरींचा हा लहानसा मेळा परक्या देशांत वाढूं लागला.

फ्रान्सच्या राजवाड्यांत मेरीस लॅटिन, इटालियन इत्यादि भाषा, संगीत, नृत्य व अश्वारोहण हीं शिकविण्यांत आलीं. त्यांबरोबरच सुईकामाचेंही शिक्षण मिळालें. तेथील राणी काथरीन दे मेदिची ही मूळची फ्लॉरेन्सची, आणि इटली म्हणजे त्या काळीं रेशीमकामाचें माहेरघर. दोऱ्याच्या विणलेल्या जाळीवर सुईनें घरें भरून नक्षी उठविण्याचा तिला फार नाद होता. तिच्या मृत्यूनंतर तिच्या सामानांत अशा जाळीकामाचे शेंकडों चौकोन निघाले. अशा सासूच्या दरबारांत वाढलेल्या मुलीस सुईची गोडी लागावी यांत नवल नाहीं. दरबारच्या थोर स्त्रियांस भरतकाम येणें हें त्या काळीं वाचन येण्याइतकेंच आवश्यक मानीत.

२४ एप्रिल १५५८ रोजीं पॅरिसच्या नोत्र दाम या महामंदिरांत मेरीचा विवाह युवराज फ्रान्सिस याच्याशीं झाला. पुढच्याच वर्षीं तिचा सासरा दुसरा हेन्री हा भाल्यांच्या खेळांत जखमी होऊन मेला आणि मेरी फ्रान्सचीही राणी झाली. परंतु हें भाग्य दीड वर्षही टिकलें नाहीं. १५६० च्या डिसेंबरांत फ्रान्सिस वारला. त्याच वर्षीं तिची आईही वारली होती. अठरा वर्षांची ही विधवा १९ ऑगस्ट १५६१ रोजीं लीथच्या बंदरांत उतरली. जो देश तिला धडपणें आठवतही नव्हता, त्यावर तिला आतां राज्य करावयाचें होतें. शिवाय मधल्या काळांत त्या देशानें धर्मसुधारणेचा पंथ स्वीकारला होता आणि राणी मात्र जुन्या रोमन पंथाची होती.

या काळची एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडचा वकील टॉमस रँडॉल्फ यानें १५६१ सालींच आपल्या पत्रांत कळविलें कीं, राणी मंत्रिमंडळाच्या सभेंत बसते तेव्हां बहुतेक वेळ तिच्या हातांत कांहींना कांहीं शिवणकाम असतें. सभेंत बहुतेक पुरुष वयानें मोठे, एकमेकांचे वैरी, आणि तरुण राणीच्या चेहऱ्यावरून तिचें मन ओळखूं पाहणारे. अशा वेळीं डोळे खालीं सुईकडे आणि कान मात्र बोलणाराकडे, ही युक्ति साधी असली तरी शहाणपणाची होती, असें आम्हांस वाटतें.

दुर्दैवानें पुढील पांचसहा वर्षांत हें शहाणपण तिला पुरलें नाहीं. १५६५ सालीं तिनें आपला नातलग लॉर्ड डार्न्ली याच्याशीं विवाह केला. तो देखणा पण उथळ व मत्सरी निघाला. ९ मार्च १५६६ रोजीं त्याच्या संमतीनें कांहीं सरदारांनीं राणीचा चिटणीस रिझियो याचा तिच्या महालांतच खून केला. त्या वेळीं ती गर्भवती होती. जूनमध्यें तिला जेम्स हा पुत्र झाला. १० फेब्रुवारी १५६७ रोजीं खुद्द डार्न्लीचा खून झाला. तीनच महिन्यांनीं मेरीनें, ज्याच्यावर त्या खुनाचा संशय होता त्याच बॉथवेल या सरदाराशीं लग्न केलें. या खुनांत तिचें अंग कितपत होतें याविषयीं इतिहासकारांत आजही एकमत नाहीं. परंतु हें लग्न मोठी घोडचूक ठरली हें सर्वांस मान्य आहे. प्रजा खवळली, सरदारांनीं बंड केलें, आणि राणीस लॉकलेव्हन नांवाच्या सरोवरांतील किल्ल्यांत कोंडण्यांत आलें. तेथें २४ जुलै १५६७ रोजीं तिला राज्यत्याग करण्यास भाग पाडलें आणि तेरा महिन्यांचा जेम्स गादीवर आला.

चोहोंकडे पाणी आणि आंत शत्रूंचा पहारा, अशा त्या किल्ल्यांतून राणीनें सरदारांजवळ ज्या मागण्या केल्या, त्यांत नमुने काढून देणारा एक कशिदाकार मिळावा अशीही एक होती. बसल्या जागीं वेडें व्हावयाचें नसेल तर हातांस काम हवें, हें तिनें ओळखलें होतें.

२ मे १५६८ रोजीं ती त्या किल्ल्यांतून निसटली. सैन्य जमविलें, पण अकराच दिवसांनीं लँगसाइडच्या लढाईंत तें मोडलें. तेव्हां ती मासेमारीच्या होडींतून खाडी ओलांडून इंग्लंडांत आली. तेथील राणी एलिझाबेथ ही नात्यानें मेरीच्या बापाची मामेबहीण. ती आपणांस आसरा देईल, अशी तिची आशा होती. एलिझाबेथनें आसरा दिला, पण तो कैदेचा! कारण मेरीचा इंग्लंडच्या गादीवर वारसा पोंचत होता, आणि एलिझाबेथला गादीवरून काढूं पाहणाऱ्या रोमन पंथीयांच्या सर्व आशा मेरीवर खिळल्या होत्या. या आत्या-भाचींची भेट आयुष्यांत एकदांही झाली नाहीं. वास्तविक सुईच्या बाबतींत दोघी समानशील होत्या. एलिझाबेथनें १५४४ च्या अखेरीस, म्हणजे अकरा वर्षांची असतांना, आपली सावत्र आई कॅथरिन पार हिला स्वतः भाषांतर केलेलें एक धर्मपर पुस्तक भेट दिलें होतें; त्याचें भरतकाम केलेलें वेष्टण तिच्याच हातचें समजतात.

१५६९ च्या आरंभीं मेरीस टटबरीच्या किल्ल्यांत आणलें. तो किल्ला ओलसर, थंड व वाऱ्याच्या तोंडावर होता. तेथें श्रूजबरीचा अर्ल तिचा रखवालदार झाला आणि पुढें सुमारें पंधरा वर्षें ती त्याच्याच ताब्यांत राहिली. या अर्लची पत्नी, जिला इतिहास हार्डविकची बेस या नांवानें ओळखतो, ती मोठी कर्तबगार बाई होती. वाडे बांधण्याची तिला जशी हौस, तशीच ते वाडे भरतकामानें सजविण्याची. कैदी राणी आणि रखवालदाराची बायको दररोज एकत्र बसून भरतकामाचे बेत करूं लागल्या. त्यांच्या भाषणांत भरतकामाखेरीज दुसरें कांहीं धोक्याचें नसतें, असें अर्लनें वरिष्ठांस कळविलें. त्याच वर्षीं निकोलस व्हाइट नांवाचा एक अधिकारी राणीस भेटला. हवा वाईट असतांना वेळ कसा जातो असें त्यानें विचारलें असतां ती म्हणाली कीं, आपण दिवसभर सुई चालवितों, रंगांच्या विविधतेमुळें काम कंटाळवाणें होत नाहीं, आणि कुशीत वेदना होऊं लागल्या म्हणजेच थांबतों.

आतां या कामाची रीत थोडक्यांत सांगतों. प्रथम घट्ट विणीच्या पण घरें मोजतां येतील अशा तागी कापडावर कशिदाकार शाईनें चित्र काढून देई. असे कशिदाकार तेव्हां बहुधा पुरुषच असत. हा धंदा शिकण्यास बरींच वर्षें उमेदवारी करावी लागे. तें कापड चौकटीवर ताणून त्यांत रंगीत रेशमानें घरें भरावयाचीं. कोठें फुलीचा टाका, तर कोठें प्रत्येक घरावरून एकाच बाजूस तिरपा जाणारा बारीक टाका. एकेक चित्र लहानसें, मांडीवर मावेल एवढेंच. अष्टकोनी किंवा क्रूसाच्या आकाराचे असे तुकडे पुरे झाले म्हणजे ते कापून मोठ्या पडद्यांवर जोडीत. ज्या कैद्यास टटबरीहून विंगफील्ड, तेथून चॅट्सवर्थ व शेफील्ड असें वारंवार हलविण्यांत येई, त्याला हीच रीत सोईची होती. मोठें काम लहान लहान तुकड्यांनीं पुरें करावें, हा धडा विद्यार्थ्यांनीं अभ्यासासाठींही घेण्याजोगा आहे.

चित्रें कोठून घ्यावयाचीं? यासाठीं त्या स्त्रिया छापील ग्रंथ उघडीत. स्वित्झर्लंडांतील पंडित कॉन्राड गेस्नर याच्या प्राणिशास्त्रावरील ग्रंथांतून त्यांनीं पशु, पक्षी, मासे घेतले. अमेरिकेंतील लांब चोंचीचा टूकन पक्षी एका तुकड्यावर आहे. अर्धा मासा व अर्धा संन्यासी असा एक काल्पनिक जलचरही एकावर आहे. क्लोद पारादँ याच्या चिन्हग्रंथांतून त्यांनीं बोधचित्रें उचललीं. म्हणजे चार भिंतींत अडकलेली ही स्त्री सुईच्या वाटेनें पृथ्वीवरील प्राणिमात्रांचा अभ्यास करीत होती. राणीच्या पदरीं बास्तियां पाझे नांवाचा एक फ्रेंच सेवक होता. तो नवे नवे नमुने कल्पून देई, आणि त्याच्या कल्पकतेचा आपणांस मोठा आधार वाटतो असें राणीनें लिहून ठेविलें आहे.

बेसची आवड निराळी होती. तिनें जुन्या धर्मविधींच्या झग्यांचें मखमल व जरतारी कापड कापून, तुकड्यांवर तुकडे जोडून प्राचीन काळच्या थोर स्त्रियांचीं मोठालीं चित्रें करविलीं. पतीची वाट पाहणारी पेनेलपी, झेनोबिया राणी, अशा स्त्रिया त्यांत आहेत. एकाच वाड्यांत रेशमी टाक्यांचें सूक्ष्म काम आणि कापड जोडण्याचें भव्य काम हीं दोन्ही चाललीं होतीं. सुईकामाचे प्रकार किती भिन्न असतात व ज्याचा त्याचा स्वभाव कोणत्या प्रकारांत रमतो, हें यावरून दिसून येईल.

परंतु मेरीच्या टाक्यांत केवळ करमणूक नव्हती. तिचीं पत्रें फोडलीं जात, भेटीगांठींवर पहारा असे. तेव्हां जें लिहितां येत नसे तें ती कापडावर भरी. एका तुकड्यावर तांबूस रंगाची मांजर आहे. मूळ ग्रंथांतील चित्रांत नसलेला उंदीर मेरीनें त्या मांजरीसमोर घातला. एलिझाबेथचे केंस तांबूस होते हें ज्यास ठाऊक आहे, त्यास यांतील मांजर कोण व उंदीर कोण हें सांगण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या चित्रांत आकाशांतून आलेला एक हात कोयत्यानें द्राक्षवेल छाटीत आहे, आणि घाव सोसल्यानें सद्गुणास नवी पालवी फुटते अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यावर आहे. हेंच चित्र भरलेली एक उशी तिनें नॉर्फोकच्या ड्यूकला पाठविली. त्याच्याशीं विवाह करून सुटका करून घेण्याचे तिचे बेत चालले होते. वांझ फांदी छाटावी म्हणजे फळणारी वाढेल, असाही त्या चित्राचा अर्थ लागत होता. आणि एलिझाबेथ अविवाहित व निपुत्रिक होती! १५७२ च्या जानेवारींत ड्यूकवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यांत या उशीचा उल्लेख निघाला. इतर पुरावा पुष्कळच होता. त्याच वर्षीं २ जून रोजीं ड्यूकचा शिरच्छेद झाला. सुईच्या टोकानें लिहिलेलें वाक्यही माणसास भोंवतें, हें येथें दिसतें.

यानंतर मेरीनें सुईचाच दुसरा उपयोग करून पाहिला. १५७४ सालीं तिनें लंडनमधील फ्रेंच वकिलास लिहून किरमिजी सॅटिन व रुपेरी तार मागविली. त्या सॅटिनचा घागरा तिनें आपल्या हातांनीं भरला, त्यावर चांदीच्या तारेचीं फुलें उठविलीं, आणि तो एलिझाबेथला भेट म्हणून पाठविला. एलिझाबेथनें भेट स्वीकारली व तिला ती आवडली, असें वकिलानें कळविलें. आपल्या घातास टपलेली म्हणून जिला कोंडलें, तिच्या हातचें वस्त्र तिनें घेतलें, हें थोडें नव्हे. पण किल्ल्याचें दार कांहीं उघडलें नाहीं. महिने महिने खपून केलेल्या कामाचें मोल प्रेमानें होईल अशी मेरीची आशा होती. राजकारणाच्या तराजूंत त्या कामास वजन नव्हतें. त्या घागऱ्यावर मान वांकवून बसलेली ती कैदी स्त्री डोळ्यांपुढें आली म्हणजे तिच्या सर्व दोषांसह तिच्याविषयीं मन कळवळल्याखेरीज राहत नाहीं.

पुत्राच्या बाबतींत तर याहून कठीण अनुभव आला. जेम्स दहा महिन्यांचा असतांना तिनें त्याला शेवटचें पाहिलें होतें. १५७९ सालीं तिनें आपला चिटणीस क्लोद नो यास त्याच्या भेटीस पाठविलें. पण पत्रावर त्याला राजा असें संबोधिलें नव्हतें, एवढ्यावरून चिटणिसास भेट नाकारून परत लाविलें. आईच्या लेखीं तो युवराज होता आणि राणी ती स्वतः होती. या एका शब्दावर दोघांनींही हट्ट धरला.

पुढें बेस आणि मेरी यांचेंही फाटलें. बेस आपल्या नवऱ्यावर व राणीवर नाहीं नाहीं ते आरोप करूं लागली. १५८४ नंतर मेरी दुसऱ्या रखवालदारांच्या हातीं गेली. त्यांपैकीं सर एमियास पॉलेट हा फार कडक होता. १५८६ सालीं बॅबिंग्टन नांवाच्या तरुणानें एलिझाबेथच्या खुनाचा कट रचला. मेरीनें त्यास दिलेलें सांकेतिक उत्तर सरकारी हेरांच्या हातीं पडलें. ऑक्टोबरांत फोदरिंगे येथें तिची चौकशी होऊन तिला दोषी ठरविलें, आणि ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. त्या वेळीं ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि त्यांपैकीं जवळजवळ एकोणीस वर्षें तिनें इंग्लंडांत कैदेंत काढलीं होतीं. तिनें मरण धीरानें स्वीकारलें, हें तिच्या शत्रूंनींही नमूद केलें आहे.

तिच्या आसनावरील भरतकामाच्या छतावर एक फ्रेंच वचन होतें. आपल्या शेवटांतच आपला आरंभ आहे, असा त्याचा आशय. निकोलस व्हाइटला १५६९ सालीं त्याचा अर्थ उमगला नव्हता. १६०३ सालीं एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि मेरीचा पुत्र जेम्स दोन्ही राज्यांचा राजा झाला. त्यानें १६१२ सालीं आईचे अवशेष पीटरबरोहून आणवून लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठांत, एलिझाबेथही जेथें विसावली आहे त्याच मंदिरांत, थोर समाधींत ठेविले. ज्या दोघी जिवंतपणीं भेटल्या नाहींत, त्या आतां एकाच छपराखालीं आहेत.

मेरी व बेस यांनीं आणि त्यांच्या माणसांनीं भरलेले शंभराहून अधिक तुकडे आजही टिकून आहेत. त्यांतील पुष्कळसे हिरव्या मखमलीवर जोडलेले असून इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यांत ऑक्सबरो हॉल येथें ठेविलेले आहेत. तांबूस मांजर मात्र एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यांत आहे. कांहींवर मेरीच्या नांवाचीं आद्याक्षरें गुंफलेलीं आहेत. तिनें केलेले तह व लिहिलेलीं आज्ञापत्रें दप्तरांत पडलीं. टाके मात्र शेंकडों लोक जवळ जाऊन पाहतात.

मेरीच्या राजकारणाचा कित्ता कोणीं गिरवावा असें आम्ही म्हणणार नाहीं. तिनें माणसें पारखतांना वारंवार चुका केल्या आणि त्यांची किंमत तिच्याबरोबर इतरांनींही मोजली. परंतु जें तिच्या हातीं उरलें होतें तें तिनें वायां दवडलें नाहीं. एकोणीस वर्षांच्या बंदिवासांत माणूस कडवट होऊन बसतें, अंथरूण धरतें, किंवा वेडें होतें. तिनें ग्रंथ चाळले, नमुने निवडले, रंग जुळविले, टाके मोजले. चुकला टाका उसवून पुन्हां घालतां येतो, हें समाधान तिला आयुष्यांत दुसऱ्या कशांत मिळालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या विद्यार्थिनींपुढें, आणि विद्यार्थ्यांपुढेंही, आम्ही एवढेंच मागणें मांडतों. भरतकामाचा तास हा केवळ गुणपत्रकासाठीं काढूं नये. साखळीचा टाका बसला म्हणजे फुलीचा शिकावा. तो साधला म्हणजे जाळीचें काम, कापड जोडून करण्याचें काम, जरीचें काम यांची ओळख करून घ्यावी. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतील एखादा पक्षी किंवा अंगणांतील एखादें फूल स्वतः रेखून कापडावर उतरवावें. असा हात ज्यास लाभला, त्यास आजारपणांत, एकांतांत किंवा दुःखांत वेळ खायला उठत नाहीं. राणीच्या हातांतून राजदंड गेला, सुई राहिली. आपणांपैकीं कोणाच्याही हातीं राजदंड येण्याचा संभव नाहीं, परंतु सुई मात्र प्रत्येकास घेतां येईल.